कमी बजेटची सबब आणि न पाहिलेला शेजार

मराठी चित्रपट फसला की आपल्याकडे एक वाक्य तयारच असतं: "बजेट कमी होतं हो, त्या मानाने बरा केलाय." बोलणाऱ्याच्या मनात चांगुलपणाच असतो, हे मला मान्य आहे. तरीही या वाक्याला माझा ठाम विरोध आहे, आणि सस्पेन्स चित्रपटाच्या बाबतीत तर फारच. नुकताच असा एक चित्रपट पाहिला. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका सोसायटीत घडणारी शेजाऱ्यांची गोष्ट. छोटी टीम, नवे चेहरे, बेताचा पैसा. मी मोठ्या आशेने गेले होते, कारण शेजार हा विषय मला मराठी सस्पेन्ससाठी सगळ्यात कसदार वाटतो. चित्रपटाचं नाव मुद्दाम घेत नाही. यातले दोष त्या एकट्याचे नाहीत. याच साच्यातून बरेच चित्रपट निघाले आहेत, आणि साचा मोडत नाही याला "त्या मानाने" म्हणणारे आपण प्रेक्षक आणि परीक्षणं लिहिणारेही जबाबदार आहोत.

गोष्ट थोडक्यात अशी. नुकतंच लग्न झालेलं जोडपं भाड्याने फ्लॅट घेतं. समोरच्या दारात एकटा राहणारा, कमी बोलणारा, रात्री-अपरात्री घरी येणारा तरुण. खालच्या मजल्यावरची एक बाई अचानक दिसेनाशी होते. नायिकेला समोरच्याचा संशय येतो, नवऱ्याला ते तिच्या मनाचे खेळ वाटतात. मध्यंतराच्या सुमारास संशयाची सुई सोसायटीच्या सेक्रेटरीकडे वळते, आणि अखेरीस कळतं की पहिल्यापासून ज्याच्याकडे बोट होतं तोच गुन्हेगार, कारण त्याला मानसिक आजार आहे. शेवट उघड करते आहे, कारण माझा सगळ्यात मोठा आक्षेप त्या शेवटावरच आहे. पण आधी पैशाबद्दल.

पैसा कमी होता हे पडद्यावर दिसतं. होता तो कुठे गेला, हेही दिसतं. सुरुवातीला ड्रोन उडतो: हायवे, टॉवर, टेकडी, पुन्हा टॉवर. मग जोडप्याचं धुक्यातलं गाणं, जे प्रसिद्धीसाठी आधीच सोडलेलं होतं. शेवटी गच्चीवर कृत्रिम पावसात स्लो मोशनमधली मारामारी. या तिन्ही गोष्टी कापून टाकल्या तरी कथेचा एक टवका उडत नाही. आणि ज्यावर खर्च व्हायला हवा होता, तिथे हात आखडता घेतलेला आहे. संवाद स्टुडिओत डब केलेले आहेत आणि ते ओठांवर नीट बसत नाहीत. पटकथेत तर एकाच संध्याकाळी नवरा दोनदा ऑफिसातून घरी येतो.

शूटिंगचा खर्च शिफ्टवर चढतो. माणसं, लाइट, जनरेटर, जेवण, गाड्या, लोकेशनचं भाडं, सगळं दिवसाच्या हिशोबाने. म्हणून ज्या गोष्टीत एकच इमारत आहे, चार दारं, एक जिना आणि एक लिफ्ट आहे, ती निर्मात्याला परवडणारी गोष्ट. युनिट हलवावं लागत नाही, पात्रं मोजकी, कपडे रोजचे, रात्र झाली की बाहेरचा अंधार फुकट. भव्य ऐतिहासिक चित्रपट करणाऱ्याने पैसे पुरले नाहीत म्हटलं तर मी ऐकून घेईन. शेजाऱ्यांवर सस्पेन्स करणाऱ्याने म्हटलं तर नाही. त्याला लागतं ते सगळं जिन्यात पडलेलं आहे. ते उचलायला लागतो तो वेळ, आणि तो वेळ लेखकाचा असतो. लेखकाला आणखी दोन महिने बसवण्याचा खर्च त्या धुक्यातल्या गाण्याहून जास्त आला असता, असं मला वाटत नाही.

हे पुण्यात सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं. 1963 पासून या शहरात पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा होते आहे. भरत नाट्य मंदिरात कॉलेजची मुलं येतात, हाताशी दोन लेव्हल, एक खुर्ची, मोजके लाइट, आणि तेवढ्यावर तासाभराच्या आत अख्खं प्रेक्षागृह श्वास रोखून बसवतात. विंगेतून फक्त पावलांचा आवाज येतो आणि पहिल्या रांगेतला माणूस मान वळवून बघतो. आज चित्रपट-मालिकांत लिहिणारे, दिग्दर्शन करणारे कितीतरी जण याच स्पर्धेतून घडले. साधनं नसताना उत्कंठा कशी बांधायची याचं शिक्षण इथे विशीच्या आत मिळतं. म्हणूनच "साधनं नव्हती" ही सबब पुणेकराच्या कानाला तरी पटू नये.

त्याच स्पर्धेतली आणखी एक गोष्ट या वादात महत्त्वाची आहे. 2022 च्या अंतिम फेरीत परीक्षकांनी मुख्य करंडक कोणत्याच संघाला दिला नाही. दर्जा तेवढा नव्हता, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर केवढा गदारोळ झाला! मुलांनी महिनोन् महिने तालमी केल्या, त्यांना असं नाउमेद करायचं का, असं अनेकांनी विचारलं. मुलांना वाईट वाटलं असणार, यात शंका नाही. तरी मी परीक्षकांच्या बाजूची आहे. दरवर्षी कुणाला तरी द्यायचाच म्हणून दिलेला करंडक लवकरच नुसतं भांडं होतो. ज्या शहरात एकांकिका करणाऱ्या विद्यार्थ्यांना इतक्या गांभीर्याने घेतलं जातं, तिथे तिकीट लावून चित्रपट दाखवणाऱ्या व्यावसायिकांना आपण "त्या मानाने" म्हणून सोडून देतो, हे उलटं आहे.

थोड्या साधनांत काय होतं याची जुनी उदाहरणंही आहेत. यश चोप्रांचा 'इत्तेफाक' 1969 चा. हिंदीत गाण्यांशिवाय चित्रपटाची कल्पनाही अवघड होती त्या काळात त्यात एकही गाणं नाही, आणि बरीचशी गोष्ट एका घरात, एका रात्रीत घडते. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आलं 1967 मध्ये. ते काही सस्पेन्स नाटक म्हणून लिहिलेलं नाही, पण एका हॉलमध्ये, ओळखीच्याच माणसांनी, वेळ घालवायला म्हणून मांडलेला खेळ हळूहळू एका बाईच्या गळ्याभोवती कसा आवळत जातो ते पाहताना जो ताण येतो, तो आपल्या बहुतेक सस्पेन्सपटांत शोधून सापडत नाही. त्या ताणाचं कारण एकच. तिथे प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल काहीतरी ठाऊक आहे, आणि ते कोण कधी बोलणार याची आपण वाट बघतो. शेजाराचं सगळं नाट्य याच ठाऊक असण्यात आहे. मी पाहिलेल्या चित्रपटात कुणालाच कुणाबद्दल काही ठाऊक नाही. माणसं फक्त दारातून डोकावतात, आणि डोकावलं की 'ढॅण' असं संगीत वाजतं. पंधराव्यांदा ते वाजलं तेव्हा माझ्या मागच्या रांगेत लोक मोबाइल बघत होते.

आता पुण्याच्या शेजाराबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण चित्रपट पुण्यात घडतो असं सांगतो आणि पुण्याकडे बघतच नाही.

पेठांतल्या वाड्यांत शेजार म्हणजे एक नळ, एक चौक, एक जिना. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं दूध आज जास्त आहे, कुणाच्या घरी दोन दिवस हसण्याचा आवाज नाही, सगळं सगळ्यांना कळायचं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठचे वाडे गेले, माणसं सहकारनगर, गोखलेनगर अशा नव्या वसाहतींत पांगली. पुढे वाडे पाडून फ्लॅट होत गेले. एकमेकांच्या घरात सहज शिरण्याची सवय इथे सावकाश मोडत गेली.

मग 1976 आलं. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात या शहरात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून ते प्रकरण ओळखलं जातं. करणारे कमर्शियल आर्ट शिकणारे विद्यार्थी होते, आणि त्यांचा पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला मुलगा होता. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फाशी झाली. त्या काळात मोठी झालेली माणसं आजही सांगतात की दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडायचे, आणि घरोघरी दाराला साखळ्या नि पीपहोल बसले ते तेव्हापासून. दिवसभर उघडं असणारं दार 'कोण आहे?' विचारल्याशिवाय उघडेनासं झालं. पुण्याच्या दाराला असा इतिहास आहे. त्या भीतीचा गाभा लक्षात घेण्यासारखा आहे: मारणारे रोज टिळक रोडवर दिसणारी, कुणाच्याही शेजारी राहू शकतील अशी पोरं होती.

आणि आमच्या चित्रपटाची नायिका रात्री दोन वाजता बेल वाजल्यावर काय करते? झोपेतून उठते, केस सारखे करते आणि दार सताड उघडते. सेफ्टी डोअर नाही, साखळी नाही, आतून "कोण?" नाही, इंटरकॉमवर वॉचमनला फोन नाही. मी त्या दाराकडेच बघत राहिले. नव्या सोसायटीतला फ्लॅट, त्याला बाहेरून जाळीचं दार असतं, नावाची पाटी असते, कडीला दुधाची पिशवी असते, उंबऱ्यावर रांगोळीचा स्टिकर असतो. पडद्यावरचं दार कोरं होतं. कुणी त्यात राहतच नसावं असं. ज्या क्षणी ते तसं उघडलं त्या क्षणी माझी भीती संपली, कारण त्या बाईला वाचवावंसं वाटायला ती आधी इथली वाटायला हवी होती.

आजची सोसायटी तर सस्पेन्स लिहिणाऱ्यासाठी खजिना आहे. गेटवर ॲप आहे. कोण आलं, किती वाजता, कुणी आत सोडायला सांगितलं, सगळ्याची नोंद. सीसीटीव्हीचा पडदा बऱ्याच ठिकाणी वॉचमनच्या केबिनमध्ये असतो, काही ठिकाणी सेक्रेटरीच्या मोबाइलवर. म्हणजे एक माणूस बाकीच्या सगळ्यांचं येणं-जाणं घरबसल्या बघू शकतो, आणि हे सगळ्यांना माहीत असूनही त्याबद्दल कुणी बोलत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून सुरू झालेलं भांडण रात्री साडेअकराला कुणाच्या तरी चारित्र्यापर्यंत पोचतं, आणि सकाळी तेच लोक लिफ्टमध्ये एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणतात. पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती लागते. 49 आणि 51 मधलं ते एक घर कुणाचं, यावर अख्खा चित्रपट उभा राहील. वरच्या बाथरूममधून खालच्या घरात झिरपणारं पाणी, मेंटेनन्स थकवणाऱ्याचं नाव लावलेला नोटीस बोर्ड, सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे गेलेली तक्रार, हे सगळं रोजचं आहे आणि यातल्या प्रत्येकात राग, लाज, गुपित आहे. एक बाई नाहीशी झाली आहे आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याबद्दल एकही मेसेज नाही, असं पुण्यात घडू शकत नाही. चित्रपटात घडतं.

सगळ्यात खटकलं ते वेगळंच. चित्रपटात घरकाम करणारी एकही बाई नाही. चार मजले, आठ घरं, आणि एक मावशी नाही! जिला पाच घरांच्या किल्ल्या माहीत आहेत, कुणाच्या बेसिनमध्ये किती भांडी पडतात यावरून काल घरात किती माणसं जेवली हे जिला कळतं, कुणाच्या उशीचा अभ्रा भिजलेला आहे हे जी बघते, ती या इमारतीतली एकमेव खरी जाणकार. बाई नाहीशी झाल्याचं तिला पहिल्यांदा कळणार. पोलीसही पहिली चौकशी तिचीच करणार, आणि घरमालकीण तिच्यावरच संशय घेणार, हेही आपल्याला माहीत आहे. केवढा मोठा अन्याय आणि केवढी मोठी गोष्ट इथे पडून होती. लेखकाने ती पाहिलीच नाही, आणि या न पाहण्याचा बजेटशी काडीचाही संबंध नाही.

आवाजाचंही तसंच. फ्लॅटमधल्या माणसाला शेजारी आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. मिक्सर, कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, डक्टमध्ये फडफडणारी कबुतरं, पहाटे सुरू होणारी पाण्याची मोटर, लिफ्टचं दार नीट लागलं नाही की तिच्यातून येणारी ती बाईच्या आवाजातली सूचना. रोजच्या आवाजांतला एखादा एके दिवशी आला नाही, की पोटात गोळा येतो. वरची खुर्ची रोज रात्री दहाला ओढली जाते आणि आज नाही ओढली गेली, एवढ्यावर एक प्रसंग उभा राहतो. त्यासाठी ध्वनिमुद्रण करणाऱ्याला एक रात्र रिकाम्या फ्लॅटमध्ये बसवावं लागतं. इथे त्या जागी एकसुरी पार्श्वसंगीत भरलं आहे, आणि त्यामुळे भिंतीपलीकडे कुणी राहतं याची जाणीवच होत नाही.

आता त्या शेवटाकडे वळते. एकटा राहणारा भाडेकरू, उशिरा येणारा, कुणाशी न बोलणारा, तोच गुन्हेगार. हा शेवट आळसाचा आहे हे कलेच्या अंगाने झालं. मला तो समाजाच्या अंगानेही चुकीचा वाटतो, आणि यावर मी गप्प बसणार नाही.

पुणे हे शिकायला आणि नोकरीला आलेल्यांचं शहर आहे. लातूर, नांदेड, जळगावपासून ईशान्येकडच्या राज्यांपर्यंत कुठून कुठून मुलंमुली येतात आणि घर शोधायला लागतात. "फक्त फॅमिली" ही पाटी त्यांनी किती वेळा वाचली असेल. घर मिळतं तेही अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, आणि ते योग्यही आहे. पण सोसायट्या त्यापुढे जातात. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवलं की पुरतं. तरीही कमिटीसमोर मुलाखती होतात. मित्र किती येतात, मैत्रीण येते का, काय खाता, रात्री किती वाजता परतता, असं विचारलं जातं. रात्रपाळी करणाऱ्या मुलीकडे लिफ्टमध्ये कसं बघितलं जातं ते मी पाहिलेलं आहे.

अशा शहरात चित्रपट येतो आणि म्हणतो: तुमचा संशय बरोबर होता. संशय चुकीचा ठरवायची संधी त्याच्याकडे होती. मध्यंतराला तो सेक्रेटरीकडे वळला तेव्हा मला खरंच वाटलं, आता गोष्ट प्रतिष्ठित, सगळ्यांना ओळखीच्या, कमिटीतल्या माणसाच्या दारात शिरेल आणि बघणाऱ्यालाच विचारेल की तू पहिल्या प्रसंगापासून त्या मुलाला गुन्हेगार का मानलंस? पण ते वळण केवळ वेळ काढण्यासाठी होतं. मुलगा उशिरा का येतो, कुठे काम करतो, घरी कुणाला पैसे पाठवतो, याचा चित्रपटात पत्ता नाही. सस्पेन्समध्ये संशयित लागतातच, सगळ्यांचा उलगडा होणार नाही, हे मी समजते. पण ज्याच्याकडे गावाचं बोट आधीच आहे त्याच्याकडेच कॅमेरा वळवून ठेवण्यात रहस्य कसलं?

आणि आजार! मुलाच्या कपाटात गोळ्यांच्या स्ट्रिप्स सापडतात आणि तोच पुरावा ठरतो. एक पोलीस अधिकारी 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द उच्चारतो आणि त्याचा अर्थ "एका शरीरात दोन माणसं" असा सांगतो. हे साफ चूक आहे. स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेली दोन व्यक्तिमत्त्वं नव्हेत. तो आजार असणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक हिंसक नसतात, उलट तेच हिंसेला बळी पडण्याची शक्यता जास्त असते. नियमित गोळ्या घेणारा माणूस म्हणजे स्वतःची काळजी घेणारा माणूस. त्या प्रेक्षागृहात औषधं घेणारं कुणीतरी नक्की बसलेलं असणार, आणि ज्याचा भाऊ किंवा आई औषधं घेते असंही कुणीतरी. घरमालकाला हे कळू नये म्हणून गोळ्यांचा डबा लपवणारी कुटुंबं या शहरात आहेत.

पुण्याच्याच सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शक जोडीने 2004 मध्ये 'देवराई' हा चित्रपट केला. विषय हाच आजार, आणि पैशाचा थाटमाट तिथेही नव्हता. त्यात माणसाला भास होतात, भीती वाटते, घरच्यांचा धीर सुटतो, पण आपण त्याला घाबरत नाही, त्याच्यासाठी घाबरतो. याच जोडीच्या 'कासव'ला पुढे 2016 च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्याच्याही मध्यभागी मन खचलेला एक तरुण आहे. हे काम याच शहरात झालेलं असताना आज कपाटातल्या गोळ्या दाखवून मोकळं होणं मला अक्षम्य वाटतं.

चित्रपटात एक प्रसंग मात्र असा आहे की तो पाहून माझी नाराजी आणखी वाढली, कारण तो फार चांगला आहे. तळमजल्यावर एक आजी राहतात. दुपारचे बारा वाजलेत, त्या जिना चढून वर येतात. नाहीशा झालेल्या बाईच्या दाराला दुधाच्या दोन पिशव्या अजून लटकताहेत. आजी त्या हाताने चाचपतात, कोमट झाल्यात हे आपल्याला त्यांच्या चेहऱ्यावर कळतं. बेल वाजवत नाहीत. पिशव्या काढतात, "नासतील" एवढंच म्हणतात, आणि खाली नेऊन आपल्या फ्रिजमध्ये ठेवतात. फ्रिज उघडतो तर आत कालच्याही दोन पिशव्या आहेत. म्हणजे त्यांना कालच कळलं होतं. कुणाला बोलल्या का नाहीत? भीतीने? भिडेने? की त्या बाईशी भांडण होतं? या एका प्रसंगात संगीत नाही, ड्रोन नाही, आणि अख्खं थिएटर शांत झालं होतं. दिग्दर्शकाला शेजार कळतो याचा हा पुरावा आहे. पुढे आजींचं काय झालं? काही नाही. त्या पुन्हा दिसत नाहीत.

म्हणून "त्या मानाने बरा" हे मला पटत नाही. हा प्रसंग सुचणाऱ्या माणसाला तसं म्हणणं म्हणजे त्याला याहून जास्त जमणार नाही असं गृहीत धरणं. त्याला सांगायला हवं की तुझी गोष्ट आजींच्या फ्रिजपासून सुरू होत होती, तू ती सोडून गच्चीवर गेलास.

याला उत्तर काय येतं ते मला माहीत आहे. मराठी चित्रपटाला स्क्रीन मिळत नाहीत. मिळाल्या तर सकाळचा शो नाहीतर रात्री उशिराचा. मोठा हिंदी किंवा दाक्षिणात्य चित्रपट आला की दुसऱ्या आठवड्यात उचलबांगडी. 2015 मध्ये राज्य सरकारला प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवा असं मल्टिप्लेक्सना सांगावं लागलं, आणि तक्रार अजून तशीच आहे. अशात आपलेच लोक वाईट बोलले तर शुक्रवारी आलेला चित्रपट सोमवारी जातो. ही अडचण खरी आहे आणि त्यातलं दुःखही खरं आहे. निर्मात्याने घर गहाण ठेवलेलं असतं, हे मीही जवळून पाहिलं आहे.

पण गोडगोड बोलून पाठवलेला प्रेक्षक एकदाच येतो. चौघांचं कुटुंब तिकीट, पार्किंग, पॉपकॉर्न करून बाहेर पडतं तेव्हा खिशाला चांगलीच चाट बसलेली असते. मराठी म्हणून गेलो आणि फसलो, असं त्यांना वाटलं की पुढचा खराखुरा चांगला चित्रपट येतो तेव्हा ते घरी बसतात. वाईट चित्रपटाबद्दल खोटं बोलल्याची किंमत पुढचा चांगला दिग्दर्शक मोजतो. स्क्रीनसाठी भांडताना आपली बाजू भक्कम राहायची असेल, तर आपण चांगलं म्हटलं ते खरोखर चांगलं असतं, एवढी पत आपल्या शब्दाला हवी.

सरकारी पैशाचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना दर्जा तपासून, अ आणि ब श्रेणी लावून अनुदान देतं. दर्जा बघितला जातो हे चांगलंच आहे. पण तो बघितला जातो चित्रपट पूर्ण झाल्यावर, म्हणजे चुका करून झाल्यावर. छोट्या चित्रपटाचा घात बहुतेक वेळा शूटिंगच्या पहिल्या दिवसाआधीच झालेला असतो, कच्चा मसुदा घेऊन सेटवर गेल्यामुळे. मदतीतला काही वाटा लेखनाच्या टप्प्यावर द्यायला काय हरकत आहे? निवडक पटकथांना सहा महिन्यांचं मानधन, अनुभवी लेखकाचं मार्गदर्शन, दोन मसुद्यांची अट. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने 2007 पासून पटकथाकारांसाठी अशी लॅब चालवली आहे, त्यामुळे नमुना शोधायला दूर जायला नको. पुण्यात तर जमीन तयारच आहे. प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून इथे आली, तिच्याच आवारात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, तिथे पटकथालेखन शिकवलं जातं, चार पावलांवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मराठीत लिहिणाऱ्या नव्या मुलांसाठी शासनाने इथे असा उपक्रम सुरू केला तर दहा प्राइम टाइम आदेशांहून त्याचा उपयोग जास्त होईल.

तोवर निर्मात्यांना एक गोष्ट आजपासून करता येण्यासारखी आहे. गोष्ट सोसायटीची असेल तर संकलन पक्कं करण्याआधी तो कच्चा चित्रपट एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवावा. सेक्रेटरींना बोलवावं, वॉचमनला बोलवावं, भाड्याने राहणाऱ्या मुलांना बोलवावं, आणि सकाळची कामं उरकली की मावशींना आग्रहाने पहिल्या रांगेत बसवावं. लेखकाने पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत, वही घेऊन बाजूला उभं राहावं. ज्या मिनिटाला त्या एकमेकींकडे बघून मान हलवतील ते मिनिट टिपून ठेवावं, आणि त्या प्रसंगापासून पटकथा पुन्हा लिहायला घ्यावी.